पावसाचा धावता ग्राफ: बोकेह चार महिने वापरल्यावर

जून ते सप्टेंबर, अख्खा पावसाळा पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली बोकेह ही लायब्ररी कुलाबा आणि सांताक्रूझच्या पावसाच्या ग्राफसाठी वापरली. दर 15 मिनिटांनी नवा आकडा येणार आणि पान रिफ्रेश न करता ग्राफ पुढे सरकणार, एवढीच गरज. या कामाला बोकेह मनापासून आवडली. अट एकच: ग्राफ एकदाच काढायचा, नंतर फक्त त्याच्या कॉलमडेटासोर्सला (ग्राफचे आकडे कॉलममध्ये ठेवणारा साठा) हात लावायचा. दरवेळी नवी फिगर काढली तर पान लुकलुकतं आणि बघणाऱ्याने केलेला झूमही जातो.

नव्या आकड्यासाठी स्ट्रीम (साठ्याच्या शेवटी नवे आकडे जोडणारी सोय) वापरा. रोलओव्हर, म्हणजे किती पॉइंट ठेवायचे ती मर्यादा, 192 ठेवला की बरोबर दोन दिवसांचे पॉइंट उरतात, जुने आपोआप गळतात. मात्र स्ट्रीमला सगळे कॉलम लागतात. सांताक्रूझचा आकडा आला आणि कुलाब्याचा रखडला, तर थेट एरर येते. अशा वेळी 0 भरू नका, नॅन ('आकडा नाही' ही खूण) भरा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला, तेव्हा कुलाब्यात 75 मिमीसुद्धा नव्हता. ज्या शहरात हे घडतं, तिथे 'पाऊस नाही' आणि 'आकडा नाही' यांची गल्लत परवडत नाही.

इथेच बार ग्राफ नडतो. 0 चा बार दिसत नाही आणि नॅनचाही नाही. म्हणून रेषेवर ठिपकेही ठेवावेत: पाऊस नसेल तर ठिपका तळाशी बसतो, आकडा नसेल तर तिथे रेषा तुटते. तरीही बारच हवे असतील तर रुंदी मिलिसेकंदांत द्या. 15 मिनिटांसाठी 720000 ठीक दिसते, 0.8 दिलं तर बार असूनही दिसणार नाहीत.

उशिरा आलेला आकडा पॅचने (साठ्यातला आधीचा आकडा जागेवरच बदलणारी सोय) भरता येतो. पण रोलओव्हर सुरू झाला की इंडेक्स, म्हणजे पॉइंटचे क्रमांक, सरकतात. मघाशी 191 वर असलेला पॉइंट पुढच्या स्ट्रीमनंतर 190 वर जातो. इंडेक्स जपून ठेवू नका, दरवेळी वेळेच्या कॉलममधून शोधा.

वेळेचा घोळ सगळ्यांनाच भोवतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ला सुरू होतो. टाइमझोन असलेली वेळ दिली तर अक्षावर तो पॉइंट 3:00 ला दिसतो, कारण बोकेह यूटीसीनुसार (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) दाखवते. पांडाज या पायथनच्या डेटा लायब्ररीमध्ये आधी भारतीय वेळेत बदला, मग टीझी लोकलाइझ या फंक्शनला नन (पायथनमधलं 'काहीच नाही') देऊन टाइमझोन काढून टाका.

ग्राफ शेवटच्या सहा तासांवर राहावा म्हणून एक्स रेंजचा (आडव्या अक्षाचा दिसणारा पट्टा) फॉलो 'एंड' आणि फॉलो इंटरव्हल 21600000 मिलिसेकंद ठेवला. कोणी हाताने झूम केलं की रेंज आपोआप सरकणं थांबतं, रीसेट दाबल्यावर पुन्हा सुरू होतं. हे वागणं योग्यच आहे, फक्त रीसेटचं बटण टूलबारमधून काढू नका.

पिरियॉडिक कॉलबॅक (ठरावीक वेळाने आपोआप चालणारं फंक्शन) 60000 मिलिसेकंदांचा पुरतो. त्यात नेटवरून आकडे ओढले आणि समोरचा सर्व्हर दहा सेकंद अडला, तर उघडलेले सगळे टॅब तेवढा वेळ अडकतात. आकडे वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणारं काम) आणा आणि ग्राफला ॲड नेक्स्ट टिक कॉलबॅकमधूनच (काम बोकेहच्या पुढच्या फेरीवर सोपवणारी सोय) द्या. टॅब बंद झाल्यावर थ्रेड स्वतःहून थांबत नाही, तो ऑन सेशन डिस्ट्रॉइडमध्ये (सेशन संपल्यावर चालणारं फंक्शन) थांबवावा लागतो.