तिस्कच्या टिपर गॅरेजात मस्टँगचा मागचा ॲक्सल

दोन वर्षं मी बाबांची फोर्ड मस्टँग गाडी स्टिअरिंग जरासं उजवीकडे धरून चालवली. हात सैल सोडला की गाडी डावीकडे निघायची. १९६७ चं मॉडेल, २८९ घन इंचांचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन. एवढ्या काळात तीनदा व्हील अलाइनमेंट करून घेतली आणि तिन्ही वेळा हात लागला तो पुढच्याच चाकांना. एका ठिकाणी तर स्टिअरिंग व्हील उपसून, दांड्याच्या वेगळ्या दात्यांवर सरळ बसवून दिलं आणि "झालं मॅडम" म्हणाले. स्टिअरिंग सरळ दिसू लागलं, गाडी तिरकीच राहिली, वर वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होईना. याचा मला अजून राग आहे. दुखणं असं झाकून ठेवलं की पुढे बघणारा मिस्त्रीही फसतो.

फोंड्यातल्या एका स्पेअर पार्टवाल्यांनी सांगितलं, "पाट्यांची गाडी आहे ना, मग तिस्कला टिपरवाल्यांकडे न्या." पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. तिस्क-उसगावचा हा भाग खाणींच्या ट्रकांवर वाढलेला. हे गॅरेजही त्यातलंच. पाटी नाही, पण भिंतीला जुने गंजके पाटे ओळीने टेकवलेले दिसतात, त्यावरून सापडतं. जाताना मनात धाकधूक होती. पण विचार केला तर मस्टँगचं मागचं अंग टिपरसारखंच आहे: मागच्या ॲक्सलचं एक अखंड नळकांडं, म्हणजे हाऊसिंग, दोन बाजूंना कमान पाटे, आणि फिरवून चाकं सरळ करता येईल असा एकही बोल्ट नाही. पाट्यांच्या मधून जाणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं हाऊसिंगच्या बैठकीतल्या भोकात बसतं, आणि ॲक्सल कुठे राहणार हे तिथेच ठरतं.

गॅरेजच्या मेस्तांनी, म्हणजे मिस्त्रींनी, आधी काहीच खोललं नाही. सिमेंटच्या जमिनीवर बादलीभर पाणी ओतलं आणि मला त्यातून अगदी हळू, सरळ पुढे जायला सांगितलं. उतरून पाहिलं तर मागच्या चाकांचे ओले पट्टे पुढच्या पट्ट्यांवर पडलेच नव्हते, दोन्ही बाजूंना उजवीकडे सरकलेले. "बाय, फुडलें न्हय, फाटलें पळोवंक जाय," ते म्हणाले, म्हणजे पुढचं नव्हे, मागचं बघायला हवं. तीन अलाइनमेंटमध्ये जे कुणी पाहिलं नाही, ते एका बादलीत दिसलं.

मग मापं. गाडी जॅकवर न घेता चाकांवरच उभी ठेवली. पाटा पुढे ज्या बोल्टवर अडकतो त्याच्यापासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूची खूण, तशीच हाऊसिंगच्या दोन्ही टोकांखाली. दोन्ही बाजूंचं अंतर टेपने घेतलं, मग कर्णही मोजले, बॉडीच वाकडी नाही ना हे कळावं म्हणून. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत का नाही मोजत, असं मी विचारलं. या गाडीत कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागेपुढे कल, बसवताना स्ट्रट रॉड नावाच्या दांड्याने पुढचं चाक मागेपुढे होतं, त्यामुळे ते माप फसवतं, असं उत्तर मिळालं. मस्टँग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती. खाली वाकून, हात लावून त्यांना हे कळलं होतं.

डावी बाजू ७ मिमी पुढे निघाली. पाट्यांपेक्षा चाकं एकमेकांपासून लांब असल्यामुळे चाकापाशी हाच फरक ९ मिमीपर्यंत जातो. घरी येऊन मी हिशेब केला: कोन साधारण ०.३५ अंशाचा, पण १०८ इंचांच्या व्हीलबेसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर, मागची चाकं जवळजवळ १७ मिमी बाजूला पडतात.

कारण खोलल्यावर कळलं. डावीकडचा मेन पाटा कधीतरी स्थानिक बनवून घातलेला होता आणि त्याचं मधलं भोक चुकीच्या जागी पाडलेलं होतं. बैठकीचं भोक लांबट करून ॲक्सल मागे ओढता आला असता, एका दुपारचं काम. मेस्तांनी साफ नकार दिला. तसं केलं तर ॲक्सल फक्त त्याला पाट्यांशी बांधणाऱ्या यू-बोल्टच्या आवळणीवर राहणार, आणि या इंजिनाने जोर मारला की पुन्हा सरकणार. दोन्ही बाजूंचे मेन पाटे नवीन करून घेतले, कमान सारखी राहावी म्हणून. चारही यू-बोल्ट नवे. पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटपर्यंत सैल ठेवले आणि गाडी चाकांवर उतरवून, दोनदा दाबून बसवून मगच आवळले. हवेत लटकत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं.

बिल १४,८०० रुपये, त्यात मजुरी ४,५००. दोनशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट परत आवळायला बोलावलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या चाकांची अलाइनमेंट मात्र बाहेर करावी लागते, त्यांच्याकडे मशीन नाही. चारही चाकं मोजणाऱ्या मशीनवरच करा, हे त्यांनी दोनदा बजावलं. तिथल्या कागदावर मागचा थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं गाडीच्या मधल्या रेषेपासून किती तिरकी आहेत तो कोन, ०.०४ अंश आला. स्टिअरिंग व्हील मी मूळच्या दात्यांवर परत बसवून घेतलं.

तक्रारीही आहेत. तीन दिवस म्हणून पाच लागले, खर्चाचा अंदाज लेखी मिळाला नाही, फोन तर उचलतच नाहीत. बसायला एक लाकडी बाक आहे, तोही उन्हात. तरी मोल्यापर्यंतच्या रस्त्यावर आता दोन बोटांनी गाडी सरळ जाते, आणि त्या रस्त्यावर बाबा शेजारी बसून नुसते स्टिअरिंगकडे बघत होते.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, दुपारी एक ते तीन बंद असतं. डिकी रिकामी करा आणि चारही टायरांत हवा नीट भरून न्या. मेस्त टेप हातात घेण्याआधी तेच तपासतात.