बेंचवर कोण हवा: एकाच कामात तरबेज, की कुठेही उभा राहणारा?

मेजर लीग बेसबॉलच्या संघात २६ जण, त्यात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, जास्तीत जास्त १३. उरलेल्यांपैकी नऊ जण रोजच्या सामन्यात: आठ क्षेत्ररक्षक आणि पिचरऐवजी फलंदाजी करणारा एक. बेंचवर राहिले चार, त्यातली एक जागा राखीव कॅचरची, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणाऱ्याची, ठरलेलीच. म्हणजे खरी निवड तीन जागांची.

एकाच कामात तरबेज माणूस काय करतो, ते १७ ऑक्टोबर २००४ च्या सामन्यात दिसलं. न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या मालिकेत बोस्टन ०-३ ने पिछाडीवर, नववा म्हणजे शेवटचा डाव, त्यातही एका धावेने मागे. डेव्ह रॉबर्ट्स बदली धावपटू म्हणून पहिल्या बेसवर आला. यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेराने त्याला रोखायला तीनदा तिकडे चेंडू फेकला. पुढच्याच चेंडूवर रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न बघता धावून गाठला, बिल म्युलरच्या फटक्यावर तो होम प्लेटला पोचून धाव मिळाली आणि बरोबरी झाली. बोस्टनने मालिका जिंकलीच, वर वर्ल्ड सिरीजही. आजही अंगावर काटा येतो!

तरी माझा कौल दुसऱ्या बाजूला. २०२२ पासून नॅशनल लीगमध्येही पिचरऐवजी वेगळा फलंदाज असतो, त्यामुळे पिंच हिटरची, म्हणजे ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी फलंदाजीला येणाऱ्याची, गरज बरीच घटली. दुखापती मात्र घटलेल्या नाहीत. २०२४ मध्ये डॉजर्स संघाचा टॉमी एडमन शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा) आणि सेंटर फील्ड (मैदानाच्या मागची मधली जागा) दोन्हीकडे खेळला, नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचा मॅनेजर? तोच डेव्ह रॉबर्ट्स.

अडचण एवढीच, की असा गुणी खेळाडू बेंचवर टिकत नाही. त्याला रोज खेळवणारा संघ कुठेतरी असतोच. तरुण पोराला बसवावं, तर त्याची फलंदाजीची लय जाते. त्यापेक्षा तो ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीवर, रोज खेळलेला बरा.