व्याख्यान की अभ्यासगट?

भौतिकशास्त्राची आवड असलेली माणसं शोधायची, तर दोन वाटा आहेत: विद्यापीठातली खुली व्याख्यानं किंवा चार-पाच जणांचा अभ्यासगट.

व्याख्यानाला जाणं सोपं. सूचनाफलक पाहायचा, जाऊन बसायचं. पण खरी ओळख होते ती व्याख्यान संपल्यावर, चहाच्या टेबलापाशी. म्हणून लगेच निघू नका. पुस्तकबांधणीचं काम करणाऱ्या आणि पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेल्या मायकेल फॅरडेने 1812 मध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकली, टिपणं बांधून त्यालाच पाठवली आणि 1813 मध्ये त्याच्याच प्रयोगशाळेत लागला.

गट सापडायला वेळ लागतो. ग्रंथालयात, आकाशनिरीक्षण मंडळात विचारा. नाहीच मिळाला तर दोघांनी सुरू करा. 1902 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नला आइनस्टाइन आणि त्याचे मित्र सोलोव्हिन आणि हाबिश्ट असे तिघेच तर अभ्यासाला जमत!

गटात लपायला जागा नसते, हे मला फार मोलाचं वाटतं. एक मीटरचा लंबक घ्या. सगळे म्हणतात, झोका लहान असो की मोठा, वेळ तोच, साधारण 2 सेकंद. कुणीतरी तो 60 अंशांवरून सोडतं, दहा झोके मोजतं, आणि वेळ सुमारे 7 टक्के जास्त भरतो. मग वही उघडते, वाद रंगतो. नवख्याने सुरुवात व्याख्यानांपासून करावी, पण गटाचा शोध सोडू नये.