'डेट'मधला मुका 'बी' आणि एटिमऑनलाइन

आठवीच्या वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, डेटमधला (debt, म्हणजे कर्ज) बी बोलायचाच नाही, तर लिहायचा कशाला?" एकवीस वर्षं मी इंग्रजी शिकवतेय आणि यावर माझं उत्तर ठरलेलं होतं: स्पेलिंगच तसं आहे, पाठ कर. त्या दिवशी मात्र मलाच ते पटेना. मधल्या सुट्टीत मोबाइलवर एटिमऑनलाइन उघडलं आणि तेव्हापासून ते रोज उघडतेय.

इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा हा ऑनलाइन कोश अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या डग्लस हार्पर यांनी उभा केला. पैसे लागत नाहीत. शब्द टाकला की तो लिखाणात कधीपासून सापडतो, कुठल्या भाषेतून आला, वाटेत कसा बदलला, हे थोडक्या ओळींत समोर येतं.

डेट फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. पुढे लिहिणाऱ्यांना लॅटिन 'डेबिटम'ची आठवण झाली आणि त्यांनी बी आणून बसवला. बोलणाऱ्यांनी तो कधी घेतलाच नाही. पासबुकातला 'डेबिट' त्याच घरातला, हे फळ्यावर लिहिलं तशी मुलं सरसावून बसली. आयलंडची (island) कथा तर आणखी न्यारी. तो मूळचा जुन्या इंग्रजीतला शब्द, 'आईल' (isle, अर्थ तोच, बेट) या लॅटिन वळणाच्या शब्दाशी त्याचं नातंच नाही. पण दोघं सारखे वाटले म्हणून एकाचा एस दुसऱ्याला चिकटला. एस गाळणाऱ्या मुलाच्या वहीत मी लाल गोल आजही करते, करावाच लागतो. शेजारी आता एक ओळ लिहिते: सहाशे वर्षांपूर्वी हे बरोबर होतं.

सगळ्यात रंगला तो मुंगसाचा तास. अनेकवचनं चालली होती. गूसचं गीस होतं, म्हणून एका मुलीने मंगूसचं 'मंगीस' केलं. तिचा तर्क चोख होता. कोश उघडला तर समोर मराठी! सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत गेलेला हा शब्द आपल्या मुंगसावरून घेतलेला आहे. त्याच्याही मागे बहुधा द्राविडी मूळ, कानडीत 'मुंगिसि' आहेच. शेवटचा भाग गूससारखा झाला तो इंग्रजांच्या कानामुळे. बदकाच्या त्या भावंडाशी मुंगसाचा संबंध नाही, म्हणून अनेकवचन मंगूसेस. उसाच्या फडात मुंगूस पाहिलेली ती मुलं; आपल्या बांधावरचा शब्द इंग्रजीच्या पुस्तकात बसलाय म्हटल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

मला या कोशाचा सगळ्यात आवडलेला गुण म्हणजे प्रामाणिकपणा. 'डॉग'सारख्या साध्या शब्दाचं मूळ अज्ञात आहे, असं तो सरळ सांगतो. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हा व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर मीही एकदा वर्गात सांगून बसले होते. न्यूज म्हणजे नुसत्या नव्या गोष्टी, 'न्यू'चं अनेकवचन. पुढच्या तासाला मुलांना ते दुरुस्त करून दिलं.

वापरताना दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. शब्दापुढचं साल म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे, लिखाणात सापडलेली पहिली नोंद. मुळाआधी तारा (*) असेल तर ते रूप अभ्यासकांनी तुलनेवरून मांडलेलं असतं, कुठे लिहिलेलं मिळालेलं नसतं. मुख्य नोंदी अमेरिकन स्पेलिंगने आहेत, आपल्या पाठ्यपुस्तकातला 'कलर' यू घालून लिहायचा असतो. उच्चारासाठी आणि वाक्यातल्या वापरासाठी नेहमीचा शब्दकोश जवळ हवाच. भाषाही जड आहे. मराठी माध्यमाच्या मुलाच्या हातात थेट देऊ नका, आधी आपण वाचावं आणि मराठीतून सांगावं.

त्यासाठी मी दोनशे पानी वही केलीय. येत्या शनिवारी 'अंपायर' सांगायचाय. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' म्हणजे जोडीत नसलेला, दोघांच्या भांडणातला तिसरा. इंग्रजीत तो आधी 'अ नम्पायर' होता. बोलता बोलता एन मागच्या 'अ'ला जाऊन चिकटला आणि झाला 'ॲन अंपायर'. तास मैदानावरच घेणार आहे.