ग्रॅव्हल सायकल, नऊ महिने: साळावली ते अंजुणे

गेल्या दसऱ्याला ग्रॅव्हल सायकल घेतली, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारी, रुंद टायरची सायकल. आता जुलै संपत आलाय. नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरच्या आसपास फिरले. त्यातलं निम्म्याहून जास्त कच्च्या वाटांवर आणि जवळजवळ सगळं पूर्व गोव्यात, म्हणजे सत्तरी, सांगे, धारबांदोडा. मी फोंड्याची, त्यामुळे समुद्रापेक्षा साळावली, अंजुण्यासारखी धरणंच मला जवळ. घेण्याआधी नेटवर शोधलं तेव्हा जे काही सापडलं ते थंड देशांतल्या करड्या खडीबद्दल होतं. आपल्या जांभ्यावर ही सायकल कशी चालते हे कुणीच सांगत नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट: जांभ्याची वाट वर्षभर एकसारखी राहत नाही. नोव्हेंबरात पावसाची ओल आत असते, मुरूम घट्ट बसलेला असतो, डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी वाट. फेब्रुवारी-मार्चपर्यंत जीपगाड्या आणि दुचाक्या जाऊन जाऊन तोच मुरूम सुटा होतो. वाटाण्याएवढे गोल तांबडे खडे टणक थरावर पसरून राहतात. तिथे वेगात वळणं म्हणजे सांडलेल्या चण्यांवर पाय देणं. आणि जूनमध्ये पहिल्या चार सरी पडल्या की खडे वाहून जातात, खाली शेवाळलेला चिरा उरतो आणि चाकाला लिंपणारा गाळ. तीन ऋतूंत तीन रस्ते. सायकल कोणती घ्यावी यापेक्षा त्या महिन्यात टायरमध्ये हवा किती ठेवावी, हा प्रश्न मला आता मोठा वाटतो.

हे मी पडून शिकले. फेब्रुवारीत सत्तरीतल्या केरीच्या अलीकडे एका साध्या उतारावर पुढचं चाक सरकलं आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात सोलला. टायरमध्ये ५० पीएसआय हवा होती. दुकानात तेवढी भरून दिली होती आणि मी तोच आकडा धरून बसले होते. माझं वजन ५८ किलो, टायर ४० मिलिमीटरचे, ट्यूबलेस. त्यानंतर पुढे २८ आणि मागे ३२ वर आले आणि त्याच उतारावर त्याच सायकलने निवांत उतरले. हवा जास्त असली की टायर खड्यावरून उडतो. कमी असली की खड्याभोवती दबतो आणि जमीन सोडत नाही. चोर्ला घाटाच्या डांबरी चढाला जायचं असेल तर मी ४० पर्यंत नेते, परतताना खाली उतरवते. छोटा पंप आणि हवा मोजायचं मीटर पिशवीत कायम.

ट्यूबलेसबद्दलही सांगायला हवं. जिथून सायकल घेतली तिथे ट्यूबलेस करून देतो म्हणून वेगळे पैसे घेतले. नोव्हेंबरात पहिलं पंक्चर झालं, टायर उघडला तर आत ट्यूब! फार वाईट वाटलं. शेवटी भाच्याने आणि मी घरीच टेप लावून सीलंट, म्हणजे पंक्चर आतून बुजवणारा द्रव, भरलं. तुम्ही घ्याल तेव्हा तुमच्यासमोर भरून घ्या. आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं. मार्चअखेरीस व्हॉल्व्ह काढून पाहिलं तर आत द्रव नव्हताच, रबराचा पापुद्रा तेवढा उरला होता. दर दोन महिन्यांनी बघायचं, हा नियम केलाय.

गिअर पुढे ४६-३० आणि मागे ११-३४ दात्यांचे आहेत. सांग्यातले चढ लांब नसतात पण ओहोळात उतरून लगेच उभे वर येतात. ३० ला ३४ लावून बहुतेक निभावतं. कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) चिऱ्यांच्या पाखाडीवर मात्र दोनदा उतरून ढकलली.

आता ज्या वाटेसाठी ही सायकल घेतल्याचं सार्थक झालं ती सांगते. साळावली धरणाचं पाणी दक्षिण गोव्याला जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पाण्याखाली कुर्डी गाव आहे, मोगूबाई कुर्डीकरांचं. गाव उठलं तेव्हा माणसं वाडे आणि वालकिणी या गावांतल्या वसाहतींत गेली. महादेवाचं जुनं दगडी देऊळ दगड सुटे करून हलवलं आणि पुन्हा उभं केलं. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे हटतं तसतसा गावाचा जुना रस्ता वर येतो. मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. कडेचे चिरे इतकी वर्षं पाण्यात राहूनही एका ओळीत होते. दोन्ही बाजूंना गाळ तडकून त्याच्या पंज्याएवढ्या खपल्या झालेल्या, कडा वर वळलेल्या. चाक गेलं की पापडासारख्या मोडत होत्या. एका ठिकाणी हौसेने रस्ता सोडला आणि पुढचं चाक रिमपर्यंत आत गेलं, कारण वरून वाळलेला गाळ आत ओलाच असतो. जुन्या रस्त्याचा कणा सोडू नका.

पुढे एका जोत्यापाशी सत्तरएक वर्षांचे एक गृहस्थ नातीला घेऊन उभे होते. मी थांबले. माझ्या चाकांचा माग दाखवत ते म्हणाले, "बाये, ही वाट आमच्या घराकडेन वताली." म्हणजे आमच्या घराकडे जायची. मग त्यांनी नातीला ओसरी कुठे होती, न्हाणी कुठे, तुळस कुठे, सगळं पायांनी मोजून दाखवलं. तुळशीचा चौथरा अजून आहे. त्यानंतर मी कुर्डीत सायकल हातात धरूनच फिरले. मे महिन्यात सोमेश्वराच्या देवळापाशी मूळचे गावकरी जमतात, अनेकांसाठी ते माहेरपण असतं. तिथे जाल तर जोत्यांवरून सायकली उडवू नका, ही कळकळीची विनंती.

अंजुण्याचा भाग वेगळा. केरीच्या वर, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी हा जलाशय आहे. घाटमाथा सुमारे ८०० मीटर उंच, आणि घाटाचा रस्ता बेळगावला जातो, त्यामुळे त्यावर ट्रक असतात. मी घाट सकाळी सातच्या आत उरकते आणि उरलेला वेळ खालच्या काजूबागांतल्या वाटांवर घालवते. एप्रिलमध्ये तिथे बोंडांचा आंबूस गोड वास भरून असतो. वाटेवर पडलेली बोंडं चुकवत चालवा, ती कुणाची तरी कमाई आहे. एकदा उजाडताना वळणावर गवा उभा होता, माझ्यापासून वीसेक पावलांवर. सायकल आडवी धरून दहा मिनिटं श्वास रोखून उभी राहिले, तो आपल्या वेळेने झाडीत गेला.

सत्तरीत फिरताना गोचिडांकडे कानाडोळा नको. २०१५ मध्ये पाळी गावापासून माकडताप पसरला होता, आणि सुक्या महिन्यांत पालापाचोळ्यातून गोचीड अंगावर चढते. मी लांब मोजे घालते, पाचोळ्यात बसत नाही, आणि घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात. माकड मरून पडलेलं दिसलं तर लांबूनच मागे फिरा आणि आरोग्य केंद्रात कळवा. म्हादई आणि नेत्रावळी अभयारण्यांतल्या आतल्या वाटांवर वन खात्याला विचारल्याशिवाय मी जात नाही.

बाकीच्या वाटा थोडक्यात. तिळारीच्या कालव्याकाठची वाट सपाट आहे, नवशिक्यांना आणि मुलांना उत्तम. काणकोणात चापोली धरण छोटं आणि शांत, पण कच्चा भाग कमी. आमठाण्याच्या धरणात मगरी आहेत, काठावर बसून पाय बुडवू नका. खाणींचे रस्ते २०१८ ला खाणी बंद पडल्यावर रिकामे झाले होते आणि सायकलला छान होते. आता डिचोलीकडे ट्रक पुन्हा धावू लागलेत, तिथे जात नाही. त्या तांबड्या धुळीत ट्रकवाल्याला आपण दिसतच नाही.

पावसाने सायकलची खरी परीक्षा घेतली. जूनच्या तीन आठवड्यांत ब्रेकचे रेझिन पॅड पत्र्यापर्यंत झिजले. जांभ्याचा गाळ पॅड आणि डिस्कच्या मधे शिरतो आणि पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. आता धातूचे, म्हणजे सिंटर्ड पॅड लावलेत. ओले झाले की किंचाळतात, पण टिकतात. तुमच्या डिस्कवर ‘फक्त रेझिन’ असं छापलं असेल तर आधी डिस्क बदलावी लागेल. बीबीतूनही, म्हणजे पेडलच्या दांड्या ज्यावर फिरतात त्या बेअरिंगमधूनही, कटकट सुरू झाली. माझा दाबून बसवलेला आहे, त्यात पाणी गेलं. पुन्हा घेतली तर आट्यांचा बीबी असलेलीच घेईन.

एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, घ्यावी की ही, असं बरेच जण विचारतात. नुसत्या जंगलातल्या मुळांवरून आणि दगडांवरून जायचं असेल तर एमटीबी. पण माझा रविवार असा असतो: घरून निघून डांबर, मग वीसेक किलोमीटर मुरूम, सांगे बाजारात पातळ भाजी-पाव, पुन्हा डांबर. त्याला हीच सायकल हवी, आणि एवढ्या तक्रारी असूनही मी ती विकणार नाही.

परवा साळावलीला जाऊन आले. धरणाच्या डकबिल सांडव्याच्या गोल तोंडातून पाणी कोसळत होतं, बोललेलं ऐकू येत नव्हतं. पलीकडे, मेमध्ये मी ज्या रस्त्यावरून गेले त्यावर आता नुसतं राखाडी पाणी आहे. मागच्या टायरची नक्षी मधोमध गुळगुळीत झालीय. चवथीच्या आधी तो बदलायचा, या वेळी ४५ मिलिमीटरचा बसतो का ते पाहणार आहे.