बिघडलेला डेटाबेस : जबरदस्तीने उघडावा की बॅकअपवरून उभा करावा?

मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरचा डेटा साठवणाऱ्या इनोडीबी या भागाच्या फायली बिघडून सर्व्हर उठेनासा झाला की दोन वाटा उरतात. एक, ‘इनोडीबी फोर्स रिकव्हरी’ या बिघाड असूनही सर्व्हर उठवणाऱ्या सेटिंगची पातळी एकेक वाढवत सर्व्हर कसाबसा सुरू करून मिळेल तेवढा डेटा डंप करून (फाइलमध्ये उतरवून) घेणे; दुसरी, शेवटचा बॅकअप चढवून त्यापुढचे व्यवहार बायनरी लॉगमधून, म्हणजे डेटातला प्रत्येक बदल टिपून ठेवणाऱ्या फायलींमधून, पुन्हा चालवणे. पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या पेढीसाठी मला नाशिकहून दोनदा धावावे लागले आणि दोन्ही वाटा पाहाव्या लागल्या.

पहिल्या वेळी निवड अशी नव्हतीच. बॅकअप अठरा दिवसांपूर्वीचा होता आणि सर्व्हर मायएसक्यूएलच्या 5.7 आवृत्तीचा असल्याने, मुद्दाम चालू केल्याशिवाय बायनरी लॉग चालत नाही हे माझ्या उशिरा लक्षात आले. पातळी 1 ठेवताच सर्व्हर उठला, डंपही विनातक्रार पूर्ण झाला आणि मी निश्चिंत होऊन घरी आलो. या पातळीवर सर्व्हर खराब पाने (डेटाफाइलमधले नोंदींचे छोटे तुकडे) ओलांडून पुढे जातो. एरर लॉगमध्ये पानाचा क्रमांक दिसतो, पण त्या पानावर कोणत्या शेतकऱ्याची हिशेबपट्टी होती हे कोणीच सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मुनीमजींनी बोट ठेवून दाखवले, तेव्हा पट्टी क्रमांक 4112 नंतर थेट 4187 आलेला दिसला. मग काटापट्ट्यांचे गठ्ठे सोडून दोन रात्री त्या नोंदी हाताने भरत बसलो. (पातळी 4 पासून पुढे तर डेटाफाइलच कायमची बिघडू शकते, म्हणून मूळ फायलींची प्रत घेतल्याखेरीज तिकडे वळू नये.)

दुसऱ्या वेळी सर्व्हर 8.0 होता, ज्यात बायनरी लॉग मुळातच चालू असतो आणि 30 दिवस राखला जातो. तो मी वेगळ्या डिस्कवर ठेवला होता. डंप चढायला अर्धा दिवस गेला, तोवर लिलावाच्या पट्ट्या हाताने लिहाव्या लागल्या आणि शेठ माझ्याशी तुटक बोलत राहिले. मात्र लॉग कोणत्या स्थानापासून चालवायचा हे डंपच्या सुरुवातीलाच नोंदवलेले होते आणि अखेरीस क्रमांकांत एकही खंड निघाला नाही.

लॉग नसेल तर पहिल्या वाटेला नावे ठेवता येणार नाहीत, आणि कमी महत्त्वाच्या डेटासाठी ती पुरेशीही ठरू शकेल. परंतु पैशांच्या नोंदी असतील तर मी तरी अर्धा दिवस पेढी थांबवणे पसंत करीन, कारण पहिल्या खेपेच्या त्या 74 पट्ट्यांपैकी तीन अजूनही सापडलेल्या नाहीत.