लोकपालाकडे जायला साडेसहा हजार लागत नाहीत

रात्री पावणेदहाला माझ्या बहिणीच्या सासरी कर्जवसुलीवाल्याचा फोन गेला. "तुमच्या सुनेचा भाऊ पैसे बुडवून पळालाय, माहितीये का?" कारखाना बंद पडल्यामुळे माझे दोन हप्ते थकले होते, हे खरं. पण कर्ज माझं होतं. बहिणीचा नंबर मी अर्जावर फक्त ओळखीसाठी दिला होता. तिच्या सासूबाई आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत.

घाबरून मी फेसबुकवरच्या एका 'कर्जमुक्ती सल्लागारा'ला गाठलं. "रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे केस टाकू, वसुलीवाले चार दिवसांत गप्प," म्हणाला. हा लोकपाल म्हणजे बँका आणि कर्जकंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. फाइल फी म्हणून ६,५०० रुपये यूपीआयने घेतले. वर सांगितलं, तोवर हप्ता भरू नका. मी तिसराही चुकवला.

काही आठवड्यांनी ईमेल आला: तक्रार दाखल करून घेता येत नाही. त्याने ती कुणा वकिलामार्फत पाठवली होती, आणि रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत वकिलामार्फत केलेली तक्रार चालतच नाही. शिवाय आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवस वाट पाहावी लागते, तेही केलेलं नव्हतं. सल्लागाराचा फोन तेव्हापासून बंद आहे.

शेवटी शेजारच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी मला समोर बसवलं. कॉलचे स्क्रीनशॉट काढले; एकावर वेळ होती रात्री ९.४७. रिझर्व्ह बँकेचं १२ ऑगस्ट २०२२चं परिपत्रक त्यांनीच दाखवलं: सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, कर्जदाराच्या नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. पैसे थकले म्हणून माणसाची अब्रू गहाण पडत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी आधी कंपनीकडे लेखी तक्रार केली. तिने महिनाभर उत्तर दिलं नाही. मग मी स्वतः रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार केली. खर्च शून्य. अडलं तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या मदत क्रमांकावर विचारता येतं.

लोकपाल कर्ज माफ करत नाही. थकलेले हप्ते मी दंडासकट भरले. आणि कर्ज देणाऱ्या ॲपमागची कंपनी रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीतली नसेल तर हा रस्ताच नाही, थेट पोलिसांत जा.

फोन थांबले. कंपनीचं माफीचं पत्र आलं. मी त्याची प्रिंट काढून बहिणीच्या सासरी नेली आणि सासूबाईंच्या हातात दिली.